खिडकी बंद करा, नाना

"मामा लगीन करत्यात वाटतं," वंदनावहिनींनी मला जिन्यातच अडवलं. "नवी सासू आली तर मी कुटं जाऊ?"

मामा म्हणजे त्यांचे सासरे आणि माझे घरमालक, नाना. मी मूळची परभणीची. दोन हजार नऊ-दहाच्या सुमारास हिंजवडीत डेस्कटॉप सपोर्टला होते, म्हणजे लोकांचे अडलेले कॉम्प्युटर सोडवायचे. जवळच मारुंजी गावात नानांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचे. नानांची बायको कधीच गेली होती. एकुलता एक मुलगाही चार वर्षांपूर्वी आजारानं गेला होता. घरात सासरा आणि सून, दोघंच.

"पण कशावरून म्हणता?"

"कम्प्युटर उगडला की लग्नाची जाहिरात. ब्लाऊजचं डिझाइन बघाय बसलं तरी शेजारी 'जोडीदार हवाय?' मी आसलं काय बघत न्हाई. मग कोन बघतंय?"

मला हसू येत होतं, पण त्यांचे डोळे भरले होते.

संध्याकाळी नानांनीच हाक मारली. "पोरी, ह्यो डबा लई चहाड्या करतुया. त्याचं तोंड बंद कर."

मग त्यांनी खरं सांगितलं. लग्नाच्या साइटवर ते स्थळं बघत होते, पण वंदनासाठी.

"वहिनींना विचारलंत?"

"इचारलं तर न्हाईच म्हनंल. माजीच काळजी तिला. आजून फॉर्म भरून ठिवलाय, धाडला न्हाई. तू बोलू नगंस."

"त्यांना विचारल्याशिवाय धाडायचा नाही."

"न्हाई धाडत. शब्द हाय."

आता माझी गोची झाली. वहिनींना एवढंच म्हणाले, "तुम्ही समजताय तसं नाही." त्यांचा विश्वास बसला नाही, हे चेहऱ्यावर दिसत होतं.

नानांना मी कुकी समजावली. आपण एखादी साइट उघडली की ती आपल्या कॉम्प्युटरमध्ये एक खूण ठेवून देते. दुसऱ्या साइटवर गेलो की जाहिरातवाले ती खूण ओळखतात आणि मागं लागतात.

"म्हंजी मेंढराच्या पाठीवर रंग लावत्यात तसं. कुटंबी चरू दे, वळखू येतंय."

इतकं चांगलं मला ट्रेनिंगमध्येही कुणी सांगितलं नव्हतं. मी दुसरा ब्राउझर टाकला. बाहेरच्या कुकीज अडवल्या आणि ब्राउझर बंद करताच हिस्ट्रीसकट सगळं पुसलं जाईल असं सेटिंग केलं. आमच्या हेल्पडेस्कचा नियम होता, लोकांशी सोप्या भाषेत बोलायचं. म्हणून मोठ्या अभिमानानं सांगितलं, "काम झालं की खिडकी बंद करायची, नाना. एवढं विसरू नका."

"त्यात काय आवगड?"

चौथ्या दिवशी ऑफिसातून आले तर नाना ओसरीवर मान खाली घालून बसलेले. आत कॉम्प्युटरसमोर वहिनी. स्क्रीनवर तो भरलेला फॉर्म, त्यांच्याच फोटोसकट.

"नाना, खिडकी बंद केली नव्हती?"

"केली व्हती की! कडीबी घातली!"

मी कपाळावर हात मारला. नानांनी खोलीची लाकडी खिडकी लावली होती, मॉनिटरचं बटण दाबलं होतं आणि निर्धास्त शेतावर गेले होते. चैत्रातल्या उकाड्यात खिडकी का लावली म्हणून वहिनी उघडायला आत आल्या. सहज मॉनिटर चालू केला, तर ब्राउझर जसाच्या तसा उघडा!

वहिनींनी स्क्रीनवर बोट ठेवलं. 'मुलीशी आपले नाते' या रकान्यात आई, वडील, भाऊ, बहीण, मित्र एवढेच पर्याय होते. सासऱ्याला जागाच नव्हती. नानांनी 'वडील' निवडलं होतं.

वहिनी रडत होत्या आणि हसतही होत्या. मलाही राहवेना. मग पदरानं तोंड पुसून त्यांनी बाहेर आवाज दिला, "मामा, उंची चुकलीया! आन् आवड 'स्वयंपाक' कुनी लिवली? मला शिवनकाम आवडतंय."

"मग खोड की," नाना ओसरीवरूनच म्हणाले. "धाडू का नगं, तेबी तूच ठरीव."

वहिनींनी स्वयंपाक खोडला, उंची दुरुस्त केली आणि बटण स्वतः दाबलं.

वर्षाच्या आत लग्न झालं. कन्यादान नानांनी केलं आणि वहिनींपेक्षा जास्त तेच रडले.

सोपी भाषा चांगलीच, पण मी तेव्हापासून कुणालाही 'खिडकी बंद करा' म्हणत नाही. 'विंडो क्लोज करा' म्हणते.