दुसरे टोले

गिलेन पोमरा बोलता बोलता मध्येच थांबते. वाक्य अर्धं, हातातला चमचा अधांतरी, आणि बाई गप्प. कधी थोडाच वेळ, कधी चांगलं अर्ध मिनिट. मग जिथं सोडलं होतं तिथूनच वाक्य उचलते. गावातल्या नव्या लोकांनी तिचा आजार केव्हाच ठरवून टाकलाय. बेकरीतली पोरगी तर तिच्या तोंडावर म्हणाली, "आजी, बॅटरी संपली वाटतं!" गिलेन पाव घेऊन घरी गेली. घरी तरी कोण आहे बोलायला? तिचं वाक्य संपेपर्यंत थांबणारा एक मीच उरलो होतो, आणि मीसुद्धा बहुतेक वेळा घाईत असल्याचं सोंग करायचो.

मी आंसेल्म. फ्रान्सच्या जुरा डोंगरातल्या आमच्या या गावात मेयरच्या कचेरीत तीस वर्षं कारकुनी केली. गिलेन समोरच्या डेअरीत चीज कापायची. आईचं करता करता तिचं लग्न राहून गेलं. तिच्याकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट होती, आणि ती कुणालाच खरी वाटत नव्हती.

ती अठरा वर्षांची असताना गावात सिनेमावाले आले होते. सिनेमा मोठा विचित्र. एका तेरा वर्षांच्या मुलीची सावली तिच्याआधीच मोठी होते आणि घर सोडून निघून जाते. मुलगी तिला शोधत हिंडते. वर्गात बर्फ पडतो, चर्चमध्ये गाई शिरतात. त्या मुलीच्या तोंडी एक बिनशब्दांचं गाणं होतं. पॅरिसहून आणलेली नटी धड एक सूर लावेना, म्हणून संगीतकारानं चर्चमध्ये गाणाऱ्या गिलेनला उभं केलं. सिनेमाच्या पाटीवर गाणारी म्हणून मात्र नाव नटीचंच लागलं. सिनेमा आठवडाभर चालला आणि मग त्याच्या रिळांचाही पत्ता लागेना.

परवा परवा ती रिळं एका बंद शाळेच्या तळघरात सापडली. बास्तियाँ नावाच्या तरुणानं सिनेमा साफसूफ केला, संगीताची तबकडी काढली. तबकडीवर पुन्हा नटीचंच नाव. गिलेननं त्याला पत्र लिहिलं. उत्तर सभ्य होतं: मादाम, काही पुरावा असेल तर कळवा. आता पंचाहत्तरीतल्या बाईच्या चिरक्या आवाजात कसला आलाय पुरावा?

बास्तियाँ सिनेमा दाखवायला गावात आला. गिलेन आली नाही. "दुसरीचं नाव बघायला कशाला येऊ?" म्हणाली. मी गेलो. सभागृहात सगळे सुट्टीपुरती घरं घेतलेले शहरी लोक. आमच्या वेळचं कुणी शिल्लकच नाही.

ते गाणं आलं. आधी आमच्या चर्चचे चार टोले, मग आवाज. असा आवाज, की मला माझं अठरावं वर्ष आठवलं आणि रडू आलं. खोटं कशाला सांगू? आणि मग ऐन भरात, सूर मधोमध तोडून, आवाज थांबला. शांतता. पुन्हा चार टोले. ते विरले आणि सूर तुटला तिथूनच पुढे सुरू झाला.

नंतर बास्तियाँ म्हणाला, "ही शांतता म्हणजे संगीतकाराची प्रतिभा!"

कसली प्रतिभा? आमची घंटा तेव्हा प्रत्येक तास दोनदा वाजवायची. एकदा वेळेवर आणि एकदा दोन मिनिटांनी, शेतातल्या माणसाचं मोजायचं चुकलं असेल तर त्याच्यासाठी. दुसऱ्या टोल्यांना आम्ही सगळेच बोलणं थांबवायचो. पॅरिसच्या पोरीला हे कुठून ठाऊक असणार?

मी तावातावानं उठलो. "आमची घंटा दोनदा वाजते!" एक बाई हसून म्हणाली, "काका, एकदाच वाजते. मी चार वर्षं ऐकतेय."

मी खाली बसलो. अकरा वर्षांपूर्वी अशाच सुट्टीवाल्यांच्या झोपमोडीच्या तक्रारीवरून दुसरे टोले बंद करण्याचा हुकूम मीच टाइप केला होता. तेव्हा गिलेन कचेरीत आली होती. "आंसेल्म, दुसरे राहू दे रे." मी म्हणालो होतो, "का, घरात घड्याळ नाही तुझ्या?"

त्या खुर्चीत बसल्या बसल्या मला कळलं, गिलेन मध्येच का थांबते ते.

दुसऱ्या दिवशी पावणेचारला बास्तियाँला तिच्या स्वयंपाकघरात नेऊन बसवलं. दारातच त्याला बजावलं होतं, "पहिला टोला पडला की कानात ते गाणं लाव, टोल्यापासून. आणि घड्याळाकडे नको, तिच्याकडे बघ."

चार वाजले. त्यानं कानात वायर घातली. गिलेन माझ्याकडे बघून म्हणाली, "बरे संस्कार आहेत! पाहुणा येतो आणि कानात बोळे घालून बसतो." तिनं कॉफी ओतली, जामची बरणी पुढे केली आणि आईचा विषय काढला. "आईला मी सांगितलं होतं, आवाज माझा आहे. ती म्हणाली, पाटीवर नाव दुसरीचं, म्हणजे तू..."

आणि ती थांबली. चमचा हवेत.

त्याच क्षणी बास्तियाँच्या कानातलं गाणंही तुटलं असावं. त्यानं फोनची वायर उपटली. स्वयंपाकघरात काहीच ऐकू येत नव्हतं, आणि मग फोनमधून आमची घंटा वाजली. एक, दोन, तीन, चार.

"...खोटारडी," गिलेननं वाक्य पुरं केलं. फोनमधून अठरा वर्षांची गिलेन गायला लागली. म्हातारी ऐकत राहिली. बास्तियाँ हलकेच म्हणाला, "मादाम, तुमचं नाव नीट लिहून द्याल? एक अक्षरही चुकायला नको."

तिनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे वळली. मला मान वर करवेना.

"वाजली बघ," ती म्हणाली. "अकरा वर्षं थांबत होते रे मी तिच्यासाठी."