रांजणातले सहा प्लग

आमच्या मोटारीचं इंजिन उष्ण प्रकृतीचं होतं आणि त्यावर थंड उपचार मी केले. गुण किती आला ते राजूरच्या चढाला विचारा!

मोटार ह्यांनी सिकंदराबादहून आणली. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाची. ह्यांनी तिचं छत काढलं, मागे चार बाकं ठोकली आणि जाहीर केलं, "भोकरदन-जालना सर्विस!" बाकीच्या मोटारींचं इंजिन आपली हवा आपण ओढून घेतं. हिच्या इंजिनाला मात्र लोहाराच्या भात्यासारखं एक यंत्र जोडलेलं होतं, ते हवा कोंबून कोंबून भरायचं. "डबल ताकत!" हे म्हणायचे. (आवाजही डबल. माझी डोकेदुखीही डबल.)

पण परवाना एकालाच मिळणार होता, आम्हाला नाहीतर बाजारातल्या लाल मोटारवाल्याला. चाचणीला निजामाचे फौजदार, म्हणजे अमीनसाहेब, स्वतः मोटारीत बसून येणार. मोटार न थांबता जालन्याला पोचली तर परवान्यावर शिक्का. नाही पोचली तर आमचं बिऱ्हाड परत धावड्याला, थोरल्या जाऊबाईंच्या चुलीपुढं. त्या चुलीपुढं मी अकरा वर्षं फुंकणी धरली होती. आणि निघताना, "आता या उंबऱ्यात पाय ठेवणार न्हाई!" असं भर अंगणात ओरडून आले होते. परवाना ह्यांचा, नाक माझं!

आणि नेमकी तेव्हाच मोटार खोकायला लागली. ह्यांनी जालन्याच्या मिस्त्रीला चिठ्ठी धाडली. उत्तर आलं ते चाचणीच्या दिवशी सकाळी, आणि तेही दोन ओळींचं. "भात्याच्या इंजनाला थंड प्लग लावा. फट नखाएवढी ठेवा."

बस! कागदाची एवढी कंजुषी? त्या चिठ्ठीचा मला आजही संताप येतो. (प्लग म्हणजे चिनीमातीची बोटभर खुंटी. तिच्या टोकाच्या फटीत ठिणगी पडते आणि पेट्रोल पेटतं. हे मला आता पाठ आहे. तेव्हा नव्हतं.)

ह्यांनी नुकतेच बाजारातून सहा कोरे, तेलकट प्लग आणले होते. मी हात लावून बघितला.

"अहो, हे तर कोमट हायेत!"

"उन्हातून आणले ना मी."

"मंग उष्ण इंजनाला हे कसे चालतील? आपलं अंग तापलं की सब्जा घेतो न्हाई का?"

"मिस्त्रीला इचारून येऊ का?"

"चाचणी आज दुपारी, अन् तुम्ही इचारायला जालन्याला चालले! कशात बसून?"

मी सहाही प्लग रांजणात सोडले.

मग फटीवरून जुंपली. नखाएवढी म्हणजे नखाच्या जाडीएवढी, इथपर्यंत आमचं एकमत झालं. (लग्नानंतरचं पहिलंच.) पण नख कुणाचं?

"माझं!" हे म्हणाले. "मोटार माझी हाय."

"तुमचं नख कागदासारखं. ठिणगी बाहेर कशी निघंल? हे घ्या, माझा अंगठा!"

माझं अंगठ्याचं नख शेण, राख आणि अकरा वर्षांच्या भांड्यांनी कमावलेलं. बैलाच्या खुरासारखं! ह्यांनी वाद घातला, पण मी जिंकले. सहाही फटी माझ्या नखानं मोजून बराबर केल्या.

तेवढ्यात अमीनसाहेब आले. मी रीतीप्रमाणं पाण्याचा तांब्या पुढं केला. एक घोट घेऊन त्यांनी मिशा आक्रसल्या.

"ये क्या बू है?"

मी रांजणाकडं बघितलं. पाण्यावर तेलाचे रंगीत डोळे तरंगत होते.

"वाळा, साहेब!" हे म्हणाले. "खास तुमच्यासाठी घातला."

प्लग पुसून बसवले. मोटार निघाली, आणि मीही मागच्या बाकावर बसले. (माझ्याशिवाय चाचणी? बिलकुल नाही!) राजूरपर्यंत सगळं ठीक होतं. चढ लागला, ह्यांनी पाय दाबला, भाता किंचाळला आणि मोटारीला उचक्या लागल्या. मग इंजिनात कुणीतरी खलबत्त्यात खडे कुटतंय असा आवाज. मग फाडकन एक बार, निळा धूर, आणि शांतता.

"अजी, धक्का मारो!" अमीनसाहेब बसल्या जागेवरून म्हणाले. मी उतरले, पदर खोचला आणि ढकलायला लागले. हे ढकलत होते, मी ढकलत होते, साहेब वाळ्याची ढेकर देत बसून होते! आणि मागून कोण यावं? लाल मोटार. साहेब उतरले ते थेट तिच्यात चढले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला, तोही लाल मोटारीतूनच. त्यानं इंजिन उघडलं आणि कपाळाला हात लावला.

"वहिनी, थंड प्लग म्हंजे गार केलेला न्हाई! स्वतःची उष्णता जल्दी बाहेर टाकतो, तो थंड. तुमचे हे साधे प्लग भात्याच्या इंजनात लाल होतात अन् ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटवतात. हे बघा, पिस्टनला भोक पडलं. अन् ही फट! एवढ्या फटीत भाता ठिणगी विझवणारच. कोणाच्या नखानं मोजली?"

मी अंगठा पदराखाली घेतला.

"मोटार इकणाऱ्या साहेबाच्या डब्यात सहा थंड प्लग होते की! मोटार आली तवा म्या डोळ्यानं बघितले. कुठं हायेत?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी ह्यांच्याकडं. तो डबा भंगार म्हणून ह्यांनीच माझ्यापुढं टाकला होता, आणि मी त्यातले प्लग माळवदावर, कुरडया वाळत घातलेल्या धोतरावर वजन म्हणून ठेवले होते. म्हणजे त्या दिवशी थंड प्लग उन्हात तापत होते आणि गरम प्लग रांजणात गार होत होते!

परवाना लाल मोटारीला मिळाला. आम्ही बैलगाडीनं धावड्याला परत गेलो. जाऊबाई एक शब्द बोलल्या नाहीत. नुसती फुंकणी पुढं केली. (बोलल्या असत्या तर मी भांडले तरी असते!)

चारच दिवसांनी त्यांच्या वाळवणावरचं धोतर वाऱ्यानं उडालं. "अगं, काहीतरी वजन आण जल्दी!" त्या ओरडल्या. मी गाठोडं सोडलं आणि माळवदावरचे तेच सहा थंड प्लग नेऊन दिले.

"किती बराबर बसले गं!" जाऊबाई म्हणाल्या. "हे कुठं शिकलीस?"

"मोटारीच्या धंद्यात," मी म्हणाले.