पुंडलिकची दुतोंडी वायर

मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. गारखेड्यात आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, तात्यासाहेब म्हटलं की लोक आधी बाजूला सरकतात आणि मग नमस्कार करतात. अशा या माणसानं गेल्या मे महिन्यात भर उन्हात स्वतःच्या अंगणात एका वायरमनची कॉलर धरली, आणि तो वायरमन त्या वेळी एका माणसाचा जीव वाचवत होता. पुंडलिकबद्दल सांगायचं तर इथूनच सुरुवात करायला हवी. दुसरीकडून केली तर मी स्वतःला झाकतोय असं होईल.

पुंडलिक मुकुंदवाडीचा, स्टेशनाजवळ राहतो. पन्नाशीचा, अंगानं बारीक, आवाज इतका हळू की दोनदा विचारावं लागतं. बारा वर्षं आमचं लाइटीचं सगळं काम त्याच्याकडे. आला की "जयभीम तात्यासाहेब" म्हणणार, चप्पल दाराबाहेर काढणार आणि घराचं मेन बंद केल्याशिवाय एका बटनाला हात लावणार नाही. नुसता पंख्याचा रेग्युलेटर बदलायचा असला तरी फ्यूज काढून खिशात घालायचा. मी ओरडायचो, "अरे, फ्रिजमधलं दूध नासंल ना." तो म्हणायचा, "खिशात असला की कुणी लावू शकत न्हाई." पुढं बोलणंच नाही. मग मीच एकटा बडबडत बसायचो.

त्याआधी तो एका ठेकेदाराकडं खांबावरच्या तारांचं काम करायचा. सोबत राजकुमार नावाचा जिवाभावाचा दोस्त. चौदा वर्षांपूर्वी राजकुमार खांबावर शॉक लागून गेला आणि पुंडलिकनं ते काम सोडलं. राजकुमार न बघता चढला, स्वतःच्या निष्काळजीपणानं गेला, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचो. त्याला ओळखत नसताना, चार पाहुण्यांपुढं, उदाहरण म्हणून.

आता माझ्या घरचं सांगतो. माझी बायको लक्ष्मीबाई, तिची फुप्फुसं दिवाळीपासून साथ देईनात. घरीच ऑक्सिजनचं मशीन ठेवलं. ते लाइटीवर चालतं, आणि मे महिन्यात लाइटीचा काही भरवसा नाही. इन्व्हर्टर दहा मिनिटांत मान टाकायचा. शेवटी मी जनरेटर आणला आणि पुंडलिकला बोलावलं, म्हटलं घराला जोडून दे.

त्यानं जनरेटरभोवती एक चक्कर मारली. म्हणाला, "फिरवायचा स्विच बसवावा लागंल. वर केला की बाहेरची लाइट, खाली केला की जनरेटर, मधी ठेवला की काहीच न्हाई. दोन्ही एकदम कधीच लागत न्हाई. उद्या सामान घेऊन येतो. तोवर माईंचं मशीन लांबड्या बोर्डानं सरळ जनरेटरला लावा. घराच्या वायरिंगला हात लावू नका. आन् जनरेटर खिडकीखाली नको, धूर आत जातो."

"आणि कूलर? बेचाळीस अंश उन्हात ती नुसत्या मशीनवर बसंल का? दोन्ही टोकांना पिना लावून वायर करून दे. एक पिन जनरेटरला, दुसरी भिंतीतल्या प्लगमध्ये. अख्खं घर चालतं. माझ्या मेव्हण्याकडं तसंच आहे."

पुंडलिकचा चेहरा उतरला. "तसली दुतोंडी वायर मी करत न्हाई."

"कामून?"

"करत न्हाई, तात्यासाहेब."

माझं डोकं फिरलं. बारा वर्षं ज्याला चहा पाजला तो मला नाही म्हणतो म्हणजे काय? तो गेल्यावर मी बाजारातून दोन पिना आणल्या आणि वायर स्वतःच केली. तिला दोन पिना लावायला काय अक्कल लागते, असं तेव्हा वाटलं.

दुसऱ्या दिवशी अकराला लाइट गेली. मेव्हण्यानं बजावलं होतं, आधी मेन बंद कर. मी केलं. मग जनरेटर सुरू केला, वायर अंगणातल्या प्लगमध्ये खुपसली, तर घरात काहीच लागेना. लागणार कसं? आमच्या शहरात नळाला पाणी कधी येईल ते देवालाच ठाऊक, म्हणून घरोघरी मोटर, आणि मी तर मोटरसाठी मीटरपासून वेगळं मेन घेतलेलं. अंगणातला प्लग त्या मोटरच्या मेनवर. घराचं मेन बंद, मोटरचं चालू. मी काय करावं? घराचं मेनही परत चालू केलं. लगेच पंखा फिरला, कूलर लागला, मशीन चालू झालं. जनरेटरची लाइट मोटरच्या मेनमधून मीटरपाशी जात होती, तिथून घरात येत होती आणि तिथूनच बाहेर खांबावरही जात होती. हे मला कुठं माहीत? लक्ष्मीबाई कूलरपुढं बसून हसली, आणि मला लई अभिमान वाटला.

पंधरा मिनिटांनी पुंडलिक सामानाची पिशवी घेऊन फाटकात आला आणि तिथंच थबकला. त्यानं जनरेटरचा आवाज ऐकला, प्लगमधली वायर बघितली आणि मग मागं वळून गल्लीच्या टोकाला बघितलं. तिथल्या शेवटच्या खांबावर लाइटीचा एक माणूस चढलेला होता. त्या खांबावरून वायर येते ती आमच्याच घराला. ज्याला मला दोनदा विचारावं लागायचं, तो पुंडलिक अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "तारेला हात लावू नको!" आणि पळत येऊन त्यानं जनरेटर बंद केला.

इन्व्हर्टर आधीच संपलेला, आत मशीन किंचाळायला लागलं. लक्ष्मीबाईनं दाराची चौकट धरली. मी पुंडलिकची कॉलर धरली. "माझी बायको मारतोस काय रे?"

"कॉलर नंतर धरा," तो म्हणाला. "लांबडा बोर्ड कुठंय?"

मी हातानंच दाखवलं. त्यानं दुतोंडी वायर उपटून अंगणात फेकली, बोर्ड जनरेटरला लावला, मशीन बोर्डाला लावलं आणि जनरेटर परत चालू केला. दोन मिनिटं गेली असतील. तेवढ्यात लक्ष्मीबाईचे ओठ काळेनिळे पडले होते. हळूहळू रंग परत आला. मग त्यानं दोन्ही मेन बंद केली आणि मला खांब दाखवला. मला सगळं कळलं.

खांबावरचा माणूस खाली उतरून आमच्याकडंच यायला लागला. कृष्णा त्याचं नाव, पंचविशीचा असेल. आणि मी काय केलं, ते सांगायला लाज वाटते. मी ती वायर उचलली, गुंडाळली आणि काखेत दाबली. पुंडलिकला हळूच म्हणालो, "त्याला काही सांगू नको. वायर नव्हतीच म्हण."

पुंडलिकनं माझं मनगट धरलं. बारा वर्षांत त्यानं मला कधी हात लावला नव्हता.

"तात्यासाहेब, अशी वायर मी एकदा लपवलेली हाय," तो म्हणाला. "दौलताबादकडं एका घरी हळद होती. सकाळी मीच त्यांना करून दिली, दोन्ही टोकांना पिना लावून. दुपारी त्याच वस्तीतल्या खांबावर आम्हाला धाडलं. राजकुमारनं वर चढायच्या आधी मला विचारलं, तार मेली हाय ना? मी म्हणलं, मेली हाय, चढ. त्या वायरीची मला आठवणसुदिक झाली न्हाई. तो पडला तेव्हा सगळे त्याच्याकडं पळाले. मी त्या घराकडं पळालो. वायर काढली आन् पिशवीत घातली. मग सगळ्यांनी लिहून घेतलं, मरणाऱ्याचीच चूक."



"तुमच्या वायरीनं अजून कुणी मेलं न्हाई," तो म्हणाला. "तुमाला सांगता येतंय. सांगा."

कृष्णा फाटकात आला. मी काखेतली वायर काढून त्याच्यापुढं धरली आणि म्हणालो, बाबा, ही मी लावली होती, माझ्या हातानं. त्यानं वायर उलटीसुलटी करून बघितली. "मी मागच्या खांबावरचा जोड सोडूनच चढलो होतो, तार मेलीच समजून," तो म्हणाला. "आता तारेला हातच घालणार होतो." मग तो पायरीवर बसला आणि त्यानं पाणी मागितलं. तांब्या संपवून म्हणाला, "मला दीड वर्षाची पोरगी हाय, आजोबा." त्यानं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

कृष्णा खांबाचं काम उरकून गेला. पुंडलिकनं स्विच बसवला, अंगणातल्या प्लगची मोटरच्या मेनवरची वायर तोडून टाकली, आणि लक्ष्मीबाईला हाताला धरून स्विच कसा फिरवायचा ते दाखवलं. मला नाही दाखवलं, तिला. सगळं दोनदा तपासलं. मग हात धुतले, तरी जाईना. उंबऱ्यापाशी उभा राहून म्हणाला, "माझ्यासंगं चलता का? मला एकट्याला चौदा वर्षं जमलं न्हाई."

लक्ष्मीबाईजवळ शेजारीण बसवली आणि आम्ही मुकुंदवाडीला गेलो. राजकुमारची बायको संध्या कपडे शिवते. एका खोलीत शिलाईचं मशीन, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्या शेजारी राजकुमारचा फोटो. "बसा ना भाऊजी," ती म्हणाली. पुंडलिक बसला नाही. उभ्यानंच त्यानं सगळं सांगितलं, सकाळच्या वायरीपासून पिशवीपर्यंत. स्वतःला वाचवायला एक शब्द घातला नाही. संध्याचा पाय मशीनवर तसाच राहिला.

"चौदा वर्षं मी त्यांना बोलते," ती फोटोकडं बघत म्हणाली. "रोज. लेकरू तापानं फणफणलं तरी त्यांनाच बोलले. नीट बघून चढला असता तर, म्हणून. पोराला, आकाशला सांगितलं, तुझा बाप निष्काळजी होता, तू तसा होऊ नको. त्यानं बापाचा फोटो स्वतःच्या लग्नातसुदिक पुढं ठेवू दिला न्हाई."

पुंडलिकनं हात जोडले. तिनं ते बघितले नाहीत.

"मला सांगून काय उपयोग, भाऊजी. आकाश पाचला कंपनीतून येतो. त्याला सांगा, माझ्यासमोर."

पुंडलिक भिंतीला टेकून खाली बसला. मीही बसलो. पाचला अजून तासभर होता. संध्या उठली, फोटोपुढं गेली आणि पदरानं काच पुसत राहिली. काच स्वच्छच होती. मग आम्ही खोलीत नसल्यासारखं ती हळूच म्हणाली, "तुमी बघूनच चढला होता व्हय."