एक्स-रे खोलीतला खटका

श्रुती गमरे आणि सर्वेश यांचं पहिल्या दिवसापासून फाटलं. दापोलीजवळच्या त्या खाजगी दवाखान्यात सर्वेश एक्स-रे काढायचा. कॉम्प्युटर सांभाळायच्या जागेवर त्याला आपला भाचा हवा होता; डॉक्टर ऋजुता मॅडमनी श्रुतीला घेतलं. ती पोफळीच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत वाढलेली, बाप वायरमन. विजेची तिला भीती नव्हती. माणसांची वाटत असेल, पण तिने ती कधी दाखवली नाही. सर्वेश "गमरे" अशी हाक मारी आणि आडनावावर मुद्दाम रेंगाळे. ती मान वर न करता म्हणे, "ऐकू येतं मला."

एक्स-रेची खोली रस्त्याकडेला, मॅडमची वर टेकाडावर. मधली तांब्याची वायर विजा पडून सारखी जळायची, म्हणून श्रुतीने फायबर टाकून घेतली आणि दोन्ही टोकांना एकेक कन्व्हर्टर बसवला. फायबरमधला प्रकाश कॉम्प्युटरला कळेल असा करून देणारा हा छोटा डबा. त्याच्या कडेला वेग ठरवायचे बारीक खटके. खालचा कॉम्प्युटर जुना होता. त्याला वेग आपोआप जुळवता येईना, म्हणून तिने डबा आणि कॉम्प्युटर दोन्हीकडे शंभर मेगाबिटचा वेग पक्का करून टाकला. सगळं सुरळीत चाललं.

मग एका सोमवारी एक्स-रे वर पोचेनासे झाले. अर्धा फोटो यायचा नि अडकायचा. डब्यावरचा हिरवा दिवा मात्र चालू.

"तुझा डबा भिकार आहे," सर्वेश फोनवर ओरडला.

"दिवा लागलाय ना? तुमचं मशीन बघा."

"माझं मशीन मला शिकवू नकोस!"

आठवडाभर हेच. त्याने वॉर्डबॉयला सांगितलं, बाईमाणसाने वायरींत हात घातला की असंच व्हायचं. ती नर्सना म्हणाली, त्यानेच वायरीला लाथ मारली असणार.

शनिवारी बुरोंडीची येसूबाई नातवाला घेऊन आली. पोराचा हात सुजून टम्म. फोटो काढून झाला, वर पोचेना. बराच वेळ थांबून येसूबाई टेकाड चढून सरळ श्रुतीच्या टेबलापाशी आली. "पोर कळवळतंय माजा, नि तुमी भांडताव? लाज नाय?"

श्रुती तशीच उठली आणि खाली गेली. टेबलावर नवाकोरा कॉम्प्युटर होता.

"हा कधी बसवलात?"

"झाला आठवडा."

"मला सांगितलं नाहीत?"

"तू कोण लागून गेलीस?"

"सरका."

तो सरकला नाही. ती त्याच्या खुर्चीमागून वाकली. नवा कॉम्प्युटर डब्याशी वेग जुळवू पाहत होता, आणि पक्का केलेला डबा उत्तरच देत नव्हता. मग कॉम्प्युटरने आपल्यापुरतं ठरवलं, एका वेळी एकानेच बोलायचं. डबा मात्र पूर्वीसारखा मधेच बोलत राहिला, आणि माहिती वाटेत आदळून फुटत होती. तिने खटका 'ऑटो'वर सरकवला, डबा बंद करून पुन्हा चालू केला. फोटो लगेच वर गेला. हाड मोडलेलं होतं.

"म्हणजे खटका तुझाच चुकला," सर्वेश मोठ्याने म्हणाला, बाहेर ऐकू जाईल इतक्या.

"खटका माझा. कॉम्प्युटर तुमचा."

चढ चढताना तिला स्वतःचाच राग आला. आठवड्यात एकदा खाली उतरली असती तरी दिसलं असतं. त्याचं तोंड बघायचं नव्हतं, म्हणून उतरली नव्हती.

मॅडमनी दोघांना समोर उभं करून झापलं. यापुढे काही बदललं तर आधी एकमेकांना सांगायचं.

परवा सर्वेश तिच्या दारात आला. "प्रिंटर बदलतोय."

"बदला," ती म्हणाली. तिने स्क्रीनवरून नजर काढली नाही, त्यानेही आत पाऊल टाकलं नाही.