नारिंगी शर्टांची दोरी

दलंदा मावशीला फुटबॉलातलं ओ की ठो कळत नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर तुम्हाला वाटेल, क्लब वाचवणारी बाई म्हणजे मोठी जाणकार असणार. छे! ऑफसाइड म्हणजे काय, हे मी तिला तीनदा चहाचे पेले मांडून समजावलं. तिन्ही वेळा तिनं ते पेले उचलून विसळायला नेले.

ती आमच्या बुर्ज लहमर गावच्या नज्म क्लबचे कपडे धुवायची. एक नाही, दोन नाही, एकतीस वर्षं. नवरा तिजानी मैदानाचा राखणदार होता. तो गेला, पण हिचं धुणं थांबलं नाही. घर टेकडीवर, बंदराच्या बरोबर डोक्यावर, आणि गच्चीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी. शनिवारी दुपारी दोरीवर नारिंगी शर्ट दिसले की उद्या मॅच आपल्या मैदानात. पांढरे दिसले की बाहेरगावी. दोरी मोकळी असेल तर रविवारी गुमान बायकोनं सांगितलेली कामं करायची. सार्डिन मासळी भरून परतणाऱ्या बोटी समुद्रातूनच मान वर करून बघायच्या. हे कुणी ठरवलं नव्हतं, आपोआप पडत गेलं. वर्तमानपत्रात काय छापलंय ते आमच्या गावात कुणी विचारायचं नाही, "दोरीवर काय आहे?" एवढंच विचारायचे.

मी खमीस. अकरा वर्षं नज्मचा गोलकीपर होतो, आता मैदानासमोर कॅफे चालवतो. सोमवारी कपड्यांचं गाठोडं मावशीकडे पोचवायचं काम माझं. ती एकेक शर्ट झटकून उन्हात धरायची आणि तिथल्या तिथे निकाल द्यायची.

"हा नऊ नंबर काय हवा खायला आला होता? घामसुद्धा नाही मेल्याला."

मॅच न बघता! माझ्या शर्टाची तर वेगळी तपासणी असायची. गोलकीपर जीव टाकून झेपावला तर माती छातीला आणि कोपराला लागते. ती दिसली की म्हणायची, "आज पोटावर पडलास. शाबास." शर्ट कोरा असला की विचारायची, "किती खाल्लेस?"

"चार."

"दिसतंयच."

तिच्या हातून आयुष्यात एकदाच चूक झाली, पण ती अशी झाली की गावानं वीस वर्षं चघळली. एका शुक्रवारी तिला ट्रंकेतल्या शर्टांवर बुरशी दिसली. बाईनं शनिवारी सगळे नारिंगी शर्ट धुऊन दोरीवर टाकले. रविवारी मॅचबिच काही नव्हती. तरी दुपारी हजार माणूस मैदानात! सूर्यफुलाच्या बिया विकणारे आले, ढोल आला, हवालदारसुद्धा आले. अहो, दुसऱ्याचं काय सांगू, मी स्वतः बूट घेऊन आलो होतो! शर्ट दिसले म्हणजे मॅच असणारच, आपल्यालाच कुणी कळवलं नसेल, असं वाटलं. शेवटी बोटवाल्यांनी आणि बाजारवाल्यांनी आपसात खेळून घेतलं आणि बाजारवाल्यांनी सपाटून मार खाल्ला. तेव्हापासून मावशी दिसली की कुणीतरी म्हणायचंच, "काय मावशी, उद्या बुरशीची मॅच का?" ती पायातली चप्पल दाखवायची.

मग सी लासाद, म्हणजे लासादसाहेब, आला. राजधानीत इमारती बांधणारा बडा माणूस, आजोळ आमच्या गावचं. कायद्यानं क्लब सभासदांचा, हा फक्त अध्यक्ष. पण बोलायचा, "माझा क्लब, माझी पोरं." वाईट नव्हता हो. त्यानं पोस्टर लावली, फुकट मफलर वाटले, एकदा गायक आणला. गायक गाऊन गेला, लोक ऐकून घरी गेले, मॅचला कुणी थांबलं नाही. आल्या आल्या त्यानं आणखी एक सुधारणा केली. कपडे शहरात यंत्रावर धुवायला पाठवायला लागला. मावशीला प्रमाणपत्र आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. दोरी मोकळी झाली ती पाच वर्षं.

आता दोरी गेली म्हणून गर्दी गेली, असं म्हणण्याइतका मी भाबडा नाही. हरत होतो, तेही होतंच. मॅचची वेळ फोनवर यायची, नाही असं नाही. पण फोनवर दिवसाला शंभर गोष्टी येतात, त्यात मॅच कुठे शोधायची? लोकांची सवय मोडली. दोन हजारांच्या मैदानात दीडशे डोकी. लासाद कपाळाला हात लावून म्हणायचा, "या गावाला फुटबॉलची आवडच नाही."

त्याचा मला राग यायचा, पण तोंड उघडलं नाही. आणि आता माझंच पाप सांगतो.

गेल्या वसंतात लासादनं ठरवलं, नज्म मोठ्या शहरातल्या क्लबात विलीन करायचा. खेळाडू तिकडे, लीगमधली जागा तिकडे, नाव पुसायचं. त्यासाठी सभासदांची सभा घ्यावी लागते. रजिस्टरात जुनी सहाशे नावं. निम्मे हजर असतील तर ते ठरवणार. नसतील तर समितीचे आम्ही नऊ जण ठरवू ते खरं. सभा ठेवली बुधवारी सकाळी अकराला, आणि नोटीस क्लबच्या दारावर चिकटवली, अशा भाषेत की वकिलालाही झोप यावी. तीन दिवस लासादची गाडी माझ्या कॅफेसमोर उभी होती. शहरातल्या नव्या स्टेडियममधला कॅफे मला मिळणार होता. बदल्यात सभेत ठराव मी मांडायचा. जुना गोलकीपर बोलला म्हणजे लोक गप्प बसतील. मी हो म्हणालो. म्हणालो खरा.

मंगळवारी सकाळी राहवेना म्हणून मावशीकडे गेलो. सभेचं सांगितलं, माझं सांगितलं नाही. ती वाटाण्याच्या शेंगा सोलत होती, हात थांबले.

"म्हणजे नज्म राहणार नाही?"

"नाही राहणार, मावशी."

"तीनशे माणसं सभेला आली तर?"

"तर राहील. पण सभेला कोण येतंय? पोरांनी फेसबुकवर टाकलंय, अकरा जणांनी अंगठे दाखवले. सभा म्हटलं की गाव पळतं."

"आणि मॅच असती तर?"

"मॅच असती तर आले असते, बुरशीची असली तरी."

ती उठली, गुडघ्यावर हात ठेवून, या रब्बी, देवा रे, म्हणत, आणि पलंगाखालची ट्रंक ओढायला लागली. आत जुने नारिंगी शर्ट, घडी घातलेले. क्लबनं टाकून दिलेले, हिनं ठेवलेले.

"मावशी, अगं हे खोटं आहे!"

"खोटं कसलं? उद्या मॅचच आहे. तुमच्या समितीबरोबर."

"पाच वर्षं झाली, आता वर बघतंय कोण?"

"तुम्ही खालून वर बघता, मी वरून खाली बघते," ती म्हणाली. "दर शनिवारी बोटी येतात. एकूण एक माणूस अजून मान वर करतो. मला लाज वाटते रे, दोरी मोकळी बघून. क्लब गेला तर एकतीस वर्षं मी ही दोरी कशाला बांधली होती? जा आता. मला पाणी तापवायचंय."

संध्याकाळी बोटी निघाल्या तेव्हा टेकडीवर नारिंगी रांग फडफडत होती. माझ्या कॅफेत पत्ते थांबले. कुणी म्हणालं म्हातारी भ्रमली, कुणी म्हणालं पुन्हा बुरशी लागली असेल. सगळे हसले. उद्या यायचं का, हे मात्र कुणीच बोललं नाही. मी कपबशा पुसत राहिलो. ते यावेत असं वाटत होतं, आणि येऊ नयेत असंही. खोटं कशाला बोलू?

बुधवारी साडेदहाला लासादनं स्टँडखालच्या खोलीत तीस खुर्च्या मांडल्या. त्याच्या हिशेबानं पंचवीसही पुरल्या असत्या. मावशी पांढरी सफसारी, बायकांची अंगभर चादर, पांघरून फाटकाबाहेर स्टुलावर बसली होती. आत येणं तिला शक्य नव्हतं. रजिस्टरात नावच नव्हतं. नवऱ्याचं होतं, हिचं लिहायचं कुणाला सुचलंच नाही.

पावणेअकराला बशीर कप्तान आला, रबरी बूट तसेच, अंगाला सार्डिनचा वास. मागे त्याचे दहा खलाशी.

"काय मावशी, बुरशीची मॅच का?"

"ओळखपत्र आणलंस?"

"मॅचला ओळखपत्र?"

"आज लागतं. आत जा. तुझा क्लब विकायला बसलेत, आणि तू दात काढतोयस!"

बशीर आत गेला, बाहेर आला, आणि त्यानं बोटीवर हाकारतात तशी हाक मारली. पण हाकेची गरजच नव्हती. चढावरून माणसं येतच होती. बाजारवाले आले, कोथिंबिरीच्या जुड्या हातात. न्हावी आला, अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक घेऊन. निम्मे थट्टा करायला आले होते, निम्मे म्हातारीचं डोकं ठिकाणावर आहे का बघायला. ढोलसुद्धा आला, देवाशपथ! मावशी प्रत्येकाला तेच विचारत होती, "ओळखपत्र? नाही? मग घरी जाऊन आण, पळ." पन्नाशीचे बाप्ये चढावरून पळत होते.

खोली केव्हाच भरली. सभा मैदानात आणावी लागली. चिटणीसानं नावं मोजली, पुन्हा मोजली, आणि घाम पुसत म्हणाला, "तीनशे अठ्ठेचाळीस."

लासादचा चेहरा पडला, पण माणूस डगमगणारा नव्हता. "छान," म्हणाला. "ठराव आपले लाडके गोलकीपर मांडतील. खमीस, बोल."

मी कागद घेऊन उभा राहिलो. मैदानाच्या मधोमध उभं राहिलं की मावशीची गच्ची नीट दिसते. नारिंगी शर्ट वाऱ्यावर होते, आणि त्यांच्यामध्ये एक काळा. नंबर एक. डाव्या कोपरावर चौकोनी ठिगळ. माझा शर्ट! शेवटच्या मॅचनंतर तो हरवला म्हणून मी कितीदा हळहळलो होतो. मी निघाल्यावर तिनं तो टांगला असणार. स्वच्छ धुतलेला, छातीवर मातीचा ठिपका नाही.

"मी हा ठराव मांडायला हो म्हटलं होतं," मी म्हणालो. "मला नवा कॅफे मिळणार होता. मी मांडत नाही. माझं मत विरोधात आहे. आता तुम्ही मला काय शिव्या घालायच्या त्या घाला."

घातल्या. मनसोक्त घातल्या, बशीरनं तर माझ्या आजोबांपासून सुरुवात केली. पण मग हात वर झाले. विलीनीकरणाच्या बाजूनं चौदा, बाकी सगळे विरोधात. क्लब गावाचा, गावाकडेच राहणार. नवा अध्यक्ष सभासद निवडतील, आणि जुनी नावं पुरणार नाहीत, घरटी नवी नावं घ्यायची. ढोल वाजायला लागला तेव्हा मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

लासाद फाटकाशी मावशीसमोर उभा राहिला. चिडलेला नव्हता, गोंधळलेला होता.

"पाच वर्षं मी माणसं गोळा करतोय, मावशी. हे मला आधी कुणी सांगितलं का नाही?"

"बाळा, तू कधी गाडीतून उतरून वर बघितलंस?"

तो मान वर करून गच्चीकडे बघायला लागला. या मोसमात सभासद म्हणून नाव घालायला आला तेव्हा कुणी त्याला अडवलं नाही.

चिटणीस नवं रजिस्टर घेऊन आला. "मावशी, पहिलं नाव तुमचं, असं सगळे म्हणतायत."

"माझं कशाला? मला ते ऑफसाइडसुद्धा कळत नाही."

"लिही रे," बशीर ओरडला. "दलंदा! मोठ्या अक्षरात लिही!"

तिनं पदर सावरावा तशी सफसारी सावरली आणि त्यानं लिहीपर्यंत अक्षरांवरून नजर हलवली नाही. तिला वाचता येत नव्हतं, तरी.

मी मागे उभा होतो. कॅफे गावातच राहिला, अब्रू अर्धीमुर्धी राहिली. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, सोमवारी गाठोड्यातला शर्ट न्याहाळायची तसं.

"तीन दिवस ती गाडी तुझ्या दारात होती," ती म्हणाली. "गच्चीवरून दिसते."

मी मान खाली घातली.

"आज पोटावर पडलास," ती म्हणाली. "शाबास."

मग सोमवारपासून पुन्हा कपडे वेळेवर आणून दे, उशीर केलास तर वाळणार नाहीत, असं बजावून ती चढाला लागली.