देव्हाऱ्यातली सुपारी

सुधीर गेल्याचा फोन आला तेव्हा आमचं अख्खं गाव वाळूत रुतलेली एक गाडी बघत उभं होतं.

काही वर्षांपूर्वीचा, असाच प्रजासत्ताक दिनाला जोडून आलेला वीकेंड.

बोर्लीच्या बाजारात कोळंबी संपली होती. पाव संपला होता. एका होमस्टेत माकड शिरलं आणि पाहुण्यांचा केक घेऊन माडावर गेलं. सकाळपासून ग्रुपवर त्याचेच फोटो.

दुपारी ही गाडी. नवी कोरी, पुढे अजून झेंडूचा हार. मालकाने ती थेट पाण्यापर्यंत नेली होती. मागच्या सीटवर त्याची आई बसलेली. उतरायला घाबरत होती.

भरती लागली होती.

अशा वेळी आमच्याकडे दामूकाकांना हाक जाते. सुधीरचे वडील. आमचे शेजारी. ते ट्रॅक्टर घेऊन आले, फोन माझ्या हातात दिला आणि पाण्यात उतरून दोर बांधायला लागले.

"सायेब, गाडी आंघोळीला आणलीव व्हय?"

लोक हसले. तेवढ्यात फोन वाजला.

सुधीरच्या सैन्यातल्या युनिटमधून होता.

"वडिलांना द्या."

"ते पाण्यात आहेत. मी शेजारी. निरोप सांगा."

"वडिलांनाच द्या."

मी पाण्यात उतरलो.

काकांनी ऐकलं. "जी," म्हणाले. बऱ्याच वेळाने पुन्हा एकदा, "जी."

फोन परत देताना मला म्हणाले, "सुधीर गेला."

"काका, घरी चला. ट्रॅक्टर मी बघतो."

"तुला जमायचं न्हाय. दोर तुटंल." त्यांनी गाठ ओढून पाहिली. "आधी म्हातारीला भाईर काढू."

गाडी निघाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो व्हिडिओ अजून फिरतो. ट्रॅक्टरवरच्या माणसाला नुकतं काय कळलं आहे, ते त्यात दिसत नाही.

मी तो पुष्कळदा पाहिला आहे. स्टीअरिंगवरचा त्यांचा हात एकदाही चुकत नाही.

घरी ते ओल्या कपड्यांनी थेट देव्हाऱ्यापुढे जाऊन उभे राहिले. तिथे एक सुपारी होती.

आमच्याकडे पूजेला जोडीदार हजर नसला की त्याच्या जागी सुपारी मांडतात. काकूंनी, सुधीरच्या आईने, त्यात स्वतःची भर घातली होती. सुधीर रजा संपवून निघाला की आपल्या वाडीतली एक सुपारी त्याच्या नावाने देव्हाऱ्यात ठेवायची. परत आला की ती त्यानेच उचलायची, अडकित्त्याने कातरायची, पहिलं खांड वडिलांना द्यायचं.

"आबा, ड्युटी संपली. घ्या, खा मला."

"मेल्या, असं बोलतात व्हय?" काकू ओरडायच्या.

त्या दिवशी काकू आतून आल्या. हाताला तांदळाचं पीठ. काका कशाकडे बघताहेत ते त्यांनी पाहिलं आणि खाली बसल्या. 

सुधीर तिरंग्यात आला. सगळं उरकल्यावर गुरुजी म्हणाले, सुपारी समुद्रात सोडा.

"आल्यावर त्यानं उचलायची, असं ठरलं हाय," काकू म्हणाल्या. "त्यानं उचलली न्हाय."

"मग किती दिवस ठेवणार?"

"तो ड्युटीवर हाय तवर."

दर वर्षी या दिवशी काका त्यांना सांगत आले, "एकदा उचल गं. सुटू दे त्याला ड्युटीवरनं." काकू त्या सुपारीला कुणाला हात लावू देत नसत. स्वतःही लावत नसत. देव पुसताना तेवढी जागा सोडायच्या.

आज पुन्हा तोच वीकेंड.

सकाळी शाळेजवळच्या दगडाला हार घातला. त्यावर जुन्या लढायांत गेलेल्या गावकऱ्यांची नावं आहेत. त्यांना पाहिलेलं कुणी उरलेलं नाही. सगळ्यात खाली सुधीर. काकूंनी पदराने वरपासून एकेक नाव पुसलं.

"यांच्याबी आयांनी काय तरी ठेवलं आसंल घरात."

आम्ही परतलो तर ओट्यावर निकिता. खालच्या आळीतली, सैन्यात भरती झालेली. पहिली रजा संपवून आज निघाली होती. बरोबर तिची आई.

"काकू, हिला सांगा जरा. तिकडं तरी येळेवर उठ म्हणावं."

"तिकडं उठवतात गं, आई!"

निकिता पाया पडली. काकू उठल्या, मागच्या वाडीत गेल्या आणि एक सुपारी घेऊन आल्या. देव्हाऱ्यापुढे बसल्या.

निकिताच्या आईचा चेहरा उतरला.

"काकू... त्या सुपारीच्या शेजारी नको."

काकूंचा हात तसाच हवेत राहिला. मग त्यांनी तो मागे घेतला.

निकिता म्हणाली, "तिथंच ठेवा, काकू. नवीन माणसाला सीनियर लागतो."

तिच्या आईने तोंडावर पदर धरला. पण मान हलवली.

काकूंनी सुधीरची सुपारी एका बोटाने जरा सरकवली.

जागा केली.

मग निकिताची ठेवली. "परत आलीस की तुझी तू उचलायची. पहिलं खांड आबांना."

आम्ही काकांकडे पाहिलं. आज ते 'उचल' म्हणाले नाहीत.

"बारीक कातर," निकिताला म्हणाले. "दात ऱ्हायले न्हाईत."

तेवढ्यात किनाऱ्यावरून कुणी तरी त्यांना हाक मारत आलं. अजून एक गाडी रुतली आहे. काका ट्रॅक्टरची चावी घेऊन उठले.

सुधीर, आजपासून तुझ्या शेजारी निकिता आहे.

लक्ष ठेव.

तुला आणि त्या दगडावरच्या सगळ्यांना दंडवत.