पाचव्याचं गाणं

कॉफी संपली की आन्सेल्म हाक मारत नसे, कपाच्या कडेवर नख वाजवी. पाव घेताना नुसतं बोट दाखवी. खोकला आला की आधी मागे वळून बघे. हसताना ओठ मिटून घेई. रविवारीसुद्धा त्याच्या कानामागे पीठ असे.

पॅरिसमधल्या आमच्या लहानशा नाटकघराचा परवानाच तसा होता : नाटक एका अंकाचं, आणि रंगमंचावर बोलणारी, गाणारी माणसं फक्त चार. पाचवा आणायचा तर मुका. मी साहित्याची पदवी घेऊन तिथे गाणी रचत होतो. आमच्या विनोदी संगीतिकेत पाववाल्याची विधवा दुसरं लग्न करते, तेव्हा तिचा मेलेला नवरा पिठाच्या पेटीतून उठतो. मेलेला, म्हणून बोलत नाही. लोक पोट धरून हसत. हा मेलेला म्हणजे पांढरा मुखवटा घातलेला आन्सेल्म. आमच्यात सगळ्यांत चांगला आवाज त्याचा होता.

एकदा पीठ नाकात गेलं आणि तो शिंकला. सरकारी तपासनीस पहिल्या रांगेत होता. शिंक हे बोलणं धरायचं की नाही, याचा निकाल लागेपर्यंत नाटक बंद राहिलं. पेलिसो मालक त्याला म्हणाले, "मेलेला माणूस शिंकतो का रे गाढवा?"

त्यानंतर तो बाहेरही गप्प होत गेला. जिन्यावर माझ्यामागून यायचा, तेव्हा पाऊलही वाजत नसे. मला वाटायचं, पेटीतून उठलेला तो दुसरा परत आत गेलेलाच नाही. तोच रोज आन्सेल्मच्या घरी जातो.

या हिवाळ्यात चौघांची अट उठली. दुसऱ्याच दिवशी आन्सेल्म माझ्या खोलीवर आला.

"काय पदवीधर, मेलेल्यांसाठी लिहितोस का, की जिवंतांचीच चाकरी करतोस?"

एवढं लांब वाक्य त्याच्या तोंडून ऐकून किती दिवस झाले होते. मी त्याला बसायला सांगितलं. तो उभाच राहिला.

"लेओकादी म्हणते, तुझा आवाज कसा होता तेच मला आठवत नाही. बायको आहे माझी. एकदा ऐकू दे तिला."

मी गाणं लिहिलं. मालक कुरकुरले, की मेलेला गायला लागला तर लोक हसणार कशाला. शेवटी एका शनिवारपुरते कबूल झाले. तालमीत आन्सेल्म गायला. आवाज खोल होता, थोडा गंजलेला. कुणीच हसलं नाही. मग मालक म्हणाले, "बरं आहे. पण जरा हसू येईल असं गा."

त्याच्या मुखवट्याला तोंड नव्हतं. कधी गरजच पडली नव्हती. ते मीच कापतो, असं म्हणून आन्सेल्म मुखवटा घरी घेऊन गेला.

शुक्रवारी दुपारी तो खुर्चीत बसल्या बसल्या गेला.

शनिवारचा खेळ झाला. दुसरा एक नट तोंडाला पीठ फासून पेटीतून उठला, गप्प राहिला. लोक पोट धरून हसले. मी बाहेर पडलो आणि लेओकादीकडे गेलो. तिने खुर्चीजवळचं काही हलवलं नव्हतं. मुखवटा टेबलावर उताणा होता. तोंड डाव्या कोपऱ्यापासून मध्यापर्यंत कापलेलं. चाकू तिथेच रुतलेला.